तेलाच्या शनिवारी तांबडी रेघ

वर्षातून एकदा, तेलाच्या शनिवारी, आबांच्या कात्र्यांच्या कारखान्यातली सगळी यंत्रं गप्प बसत आणि सगळं घर बोलायला लागे. पट्टे उतरवायचे, बेअरिंगं पुसायची, धारेचे दगड धुऊन काढायचे, जे जे म्हणून फिरतं त्यात तेल सोडायचं, आणि दुपारी घरच्यांनी जोडणीच्या खोलीत तर कामगारांनी मागच्या अंगणात जेवायला बसायचं, हा शिरस्ता आबांनी अडतीस वर्षांपूर्वी घालून दिला होता. जेवणाआधी मात्र आबांचा एक कार्यक्रम असे. ते खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढत, चष्मा बदलत आणि खोलीच्या लांब भिंतीवरच्या दोन रेघा बोटभर पुढे नेत. तांबडी रेघ देशात बाहेरून येणाऱ्या मालाची, निळी रेघ कामाविना घरी बसलेल्यांची. दोघी अडतीस वर्षं एकमेकींना बिलगून चालत आल्या होत्या. घरात कुणी वाद घातला की आबा नुसतं भिंतीकडे बोट करत, आणि समोरचा गप्प होई, कारण भिंतीशी कोण हुज्जत घालणार?

यंदा त्या भिंतीला भलताच भाव आला होता. मंगळवारी आयात शुल्काची सुनावणी होती. परदेशी कात्र्यांवरचं शुल्क वाढवावं की नाही, यावर सरकारी समिती कारखानदारांचं म्हणणं ऐकणार होती आणि कात्रीवाल्यांच्या वतीने बोलायचा मान आबांना मिळाला होता. "मी काही बोलणारच नाही," आबा महिनाभर येईल त्याला ऐकवत होते, "भिंत बोलेल." आता भिंत काही उचलून समितीपुढे नेता येत नाही, म्हणून तिची कागदावर नक्कल करायचं काम नातीकडे आलं. नात सांख्यिकी खात्यात नोकरीला होती. काका तिला आकडेबाई म्हणे.

आकडेबाई शनिवारी सकाळी आली ती काखेत कागदाची गुंडाळी घट्ट धरून, आणि आबांच्या खोलीकडे न जाता थेट धारेच्या खोलीत शिरली.

धाकटा, म्हणजे तिचा काका, दगड धूत बसला होता. या खोलीत सहा कामगार आणि सातवा तो. सहाही जण बाहेर पट्टे पुसत होते. धाकट्याचे हात कोपरापर्यंत राखाडी चिखलाने माखले होते, आणि पुतणी दारात दिसताच त्याने पायाशी असलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा पायानेच बाकाखाली सरकवला.

"काय लपवलंस?"

"बिस्किटं. तू लहान असताना फडशा पाडायचीस, तेव्हापासून सवय लागलीय."

"काका, भिंत चुकलीय."

"म्हणजे पडतेय? मग आधी बाहेर जाऊ."

"थट्टा नको ना रे. आबांनी रेघच चुकीची काढलीय. हे मी सांगितलं तर मंगळवारी आबा बोलणार काय? आबा बोलले नाहीत तर शुल्क वाढणार नाही. शुल्क नाही वाढलं तर आई एक तारखेपासून धार लावलेली तयार पाती बाहेरून मागवणार. आणि मग ही खोली..."

"बंद," धाकट्याने तिचं वाक्य पुरं केलं. "म्हणजे माझी मान कापू का, असं तू मलाच विचारायला आलीस. बरं केलंस. लोक सहसा विचारत नाहीत."

"मी गप्प बसू शकते," ती हळूच म्हणाली. "मला नुसती नक्कल करायला सांगितलीय. भिंतीवर आहे ते कागदावर. चूक माझी थोडीच आहे?"

धाकट्याला त्या क्षणी मनापासून वाटलं, की गप्प बस म्हणावं. सहा माणसं होती. त्यातले मिस्त्री एकतीस वर्षं याच बाकावर बसत होते, आणि त्यांना दुसरं काही येत असेल असं कुणाच्या कधी मनातही आलं नव्हतं. स्वतः धाकट्यालाही दुसरं काही येत नव्हतं. त्याने ओला हात पँटला पुसला.

"त्या समितीत तुझ्यासारखं कुणी असेल?"

"असेलच. एक सोडून दोन असतील."

"मग ते मंगळवारी चार परक्या माणसांत आबांची चूक काढतील. त्यापेक्षा तू आज घरात काढ. घरात निदान वर जेवायला तरी मिळतं."

पुतणीने त्याच्याकडे बघितलं, आणि चिखलाची पर्वा न करता त्याचा दंड दाबून ती निघून गेली. धाकटा डब्याकडे बघत राहिला. डब्यात बिस्किटं नव्हती. चौदा कात्र्या होत्या, प्रत्येकीला गिऱ्हाइकाची चिठ्ठी बांधलेली, आणि त्यातली एकही या कारखान्यातली नव्हती. गेले चार महिने आसपासचे शिंपी आणि सलूनवाले आपल्या परदेशी कात्र्या मागच्या दाराने त्याच्याकडे धारेला आणत होते. आबांच्या दगडावर परदेशी कात्री! आबांना कळलं असतं तर त्यांनी आधी दगड बदलला असता आणि मग मुलगा.

जोडणीच्या खोलीत थोरली लांब टेबल पुसत होती. ती नातीची आई, घरची थोरली सून. दुकान तिच्याकडे, कागदपत्रं तिच्याकडे, आणि अलीकडे वाईटपणाही तिच्याकडेच होता, कारण घरात तो घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. तिच्या पर्समध्ये सहा पाकिटं होती. कामावरून कमी करत असल्याची एक महिन्याची सूचना, खाली सही, सगळं रीतसर; मंगळवारचा तिला भरवसा नव्हता, म्हणून आजच द्यायची होती. सातवं पाकीट तिने केलं नव्हतं. दिराला पाकीट कसं द्यायचं? त्याला दुकानात काउंटरवर बसवायचं तिने ठरवलं होतं, आणि गिऱ्हाइकांची तिला आत्तापासूनच दया येत होती.

"तू करतेस ते बरोबरच आहे," तिचा नवरा ताटं मांडता मांडता म्हणाला. "आपली कात्री घेतंय कोण? सगळे परदेशीच घेतात."

"काल तुम्ही आबांना म्हणालात, की त्यांचं बरोबर आहे."

"त्यांचंही बरोबरच आहे."

थोरल्याची ही ख्याती होती. जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटे. त्यामुळे या घरात जो तो शेवटी बोलायला टपलेला असे, आणि जेवणं लांबत.

"अहो, मला हौस आहे का?" थोरलीने फडकं आपटलं. "आपली कात्री आपणच घडवायची, आपणच घासायची, म्हणून महाग पडते. नुसती जोडणी केली तर निदान बाकीची एकवीस माणसं तरी टिकतील. सहा जाऊ दे नाहीतर सत्तावीस. मिस्त्रींनी माझ्या लग्नात वाढपी म्हणून धावपळ केलीय. त्यांच्या हातात पाकीट ठेवताना मला काय वाटेल, हे कुणी विचारलंय?"

"काय वाटेल?" थोरल्याने विचारलं.

थोरलीने फडकं पुन्हा टेबलावर फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते तेलाच्या वासाने आलं असं म्हणायची सोय आज होती.

आबा आले. कात्रण खिशात, कानामागे तांबडी आणि निळी पेन्सिल. मागोमाग धाकटा आला, हात धुऊन, चेहरा पाडून. आबांनी भिंतीकडे मायेने बघितलं आणि नातीकडे हात पुढे केला. "दाखव. कशी उतरलीय?"

"बाबा, तुम्ही जरा स्टुलावर चढता का?" नात म्हणाली.

"मी?"

"वरचं टोक धरायला."

थोरला स्टुलावर चढला. नातीने गुंडाळीचं खालचं टोक टेबलावर दाबून धरलं आणि थोरल्याने वरचं टोक ओढत नेलं. एकाखाली एक चिकटवलेले चार मोठे कागद होते. निळी रेघ सगळ्यात खालच्या कागदावर, कुठे थोडी वर, कुठे थोडी खाली, पण तिथेच घुटमळत होती. तांबडी तिच्याच शेजारून निघाली होती आणि दुसरा कागद, तिसरा कागद करत थोरल्याच्या हनुवटीपर्यंत पोचली होती.

"ही कुणाची भिंत?" आबांनी विचारलं.

"आपलीच. आकडे सगळे तुमचेच आहेत, आबा. एकही बदलला नाही."

"मग तांबडी तिकडे छताला काय करतेय?"

"ती तिथेच असायला हवी होती. तुम्ही तिला तीनदा खाली उतरवलीत." नात भिंतीपाशी गेली. "हे बघा. इथे ती विजेच्या बोर्डाला टेकली, म्हणून तुम्ही ती खाली निळीच्या शेजारी आणलीत आणि तिथून पुढे काढलीत."

"बोर्डावर रेघ काढू? शॉक लागला असता."

"इथे दुसऱ्यांदा."

आबा आठवू लागले. "त्या वर्षी माझा गुडघा धरला होता. स्टुलावर चढता येईना."

"आणि इथे तिसऱ्यांदा?"

आबांनी चष्मा काढून पुसला. "तिसऱ्यांदा सवयीने," ते म्हणाले.

थोरलीला हसू आलं. तिने ते फडक्यात लपवलं. धाकट्याने तेवढंही केलं नाही.

"दर वेळी तुम्ही तिचा हात धरून तिला निळीपाशी आणून ठेवलीत," नात म्हणाली. "मग त्या दोघी बरोबर चालताना दिसणारच की."

"पण महागाई वाढली, त्यामुळे आकडा फुगला असेल," थोरला वरून म्हणाला.

"कात्रणातला आकडा महागाई वजा करूनच छापतात, बाबा. तरी ती चौपट झालीय. आणि बेकारी अडतीस वर्षांपूर्वी जिथे होती तिथेच आसपास आहे."

"आणि मधे?" आबांचा आवाज चढला. "मधे वर गेली होती ना? मला आठवतंय. बावीस वर्षांपूर्वी. कारखाना आठवड्यातून तीन दिवस चालवत होतो मी."

"हो, त्या वर्षी निळी सगळ्यात उंच आहे. आणि तांबडी बघा, त्याच वर्षी खाली आलीय. लोकांचे हात तंग होते, आबा. त्यांनी परदेशी कात्री घेतली नाही आणि आपलीही घेतली नाही. दिवस बरे आले तेव्हा दोन्ही घेतल्या."

आबा खाली बसले. त्यांना वाईट वाटलं ते रेघेचं नव्हे. अडतीस वर्षं आपण या खोलीत बोट दाखवून माणसांना गप्प केलं, थोरल्याला, धाकट्याला, एकदा तर बँकेच्या साहेबालाही, आणि त्यांतल्या एकालाही कधी स्टुलावर चढून बघावंसं वाटलं नाही, हे त्यांना लागलं. इतके का हे सगळे मला घाबरत होते? की माझं मन राखत होते? दोन्हीपैकी काय जास्त वाईट, हे त्यांना ठरवता येईना.

"म्हणजे बाहेरचा माल आणला की बेकारी वाढते, हे खोटं," थोरली म्हणाली, आणि तिचा हात पर्सकडे गेला. "मी वर्षभर हेच सांगत होते."

"बरोबर," थोरला म्हणाला.

"बरोबर नाही, आई," नात म्हणाली. थोरलीने चमकून बघितलं. लेक आत्ता आत्तापर्यंत तिच्या बाजूला होती. "हा कागद अख्ख्या देशाचा आहे. एक माणूस घरी बसला आणि दुसरा गोदीत माल उतरवायला लागला, की माझ्या खात्यात बेरीज तीच येते. पण तो दुसरा माणूस मिस्त्रीकाका नसतात. छप्पन्नाव्या वर्षी ते गोदीत खोकी उचलणार आहेत का? शेजारची टाचण्यांची फॅक्टरी बंद पडली, तिथल्या किती जणांना पुन्हा धड काम मिळालं? ते या रेघेत कुठेच दिसत नाहीत. इतके थोडे असतात ते."

"हेही बरोबर आहे," थोरला म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!" मायलेकी एकदम म्हणाल्या.

थोरली चिडली होती, आणि चिडली की ती हाताशी येईल त्याला धरत असे. या वेळी हाताशी दीर होता. "आणि भाऊजी, तुम्ही काय खाली मान घालून बसलाय? तुमच्या खोलीचा तर मला पत्ताच लागत नाही. यंदा कात्र्या झाल्या कमी आणि दगड झिजले जास्त. तीन दगड वाढीव मागवले मी. रात्री उंदीर चावतात का त्यांना?"

धाकट्याने आबांकडे बघितलं. मग तो उठला, खोलीतून गेला, आणि बिस्किटांचा डबा आणून त्याने टेबलावर, ताटांच्या मधोमध उघडला.

आबांनी एक कात्री उचलली. उलटी करून बघितली, पाती उघडली, मिटली, कानाशी नेली. खिशातून रुमाल काढला आणि त्याची कड सुरेख सरळ कापली.

"छान आहे की!" ते म्हणाले, आणि या गोष्टीचा त्यांना मनस्वी राग आला. "कुणी केलीय?"

"असेल तिकडचा कुणी आबा," धाकटा म्हणाला. "पण ही धार माझी आहे. त्यांची दोन महिन्यांत जाते. स्वस्त मिळते म्हणून शिंपी दोन-दोन घेतात, आणि दोन्ही माझ्याकडे घेऊन येतात. जितक्या जास्त येतात तितकं माझं काम वाढतं. आधी महिन्याला दहा-वीस असायच्या. आता चारशेवर गेल्यात."

"चारशे?" थोरलीने विचारलं. "कधी करता?"

"जेवणाच्या सुट्टीत."

"एकटे?"

"एकटा," धाकटा म्हणाला, जरा जास्तच पटकन.

"आणि घेता काय त्याचं?"

धाकट्याने डब्याचं झाकण उघडलं, मिटलं. "कुणी चहा पाजतं. एकाने शर्टाची बाही शिवून दिली. आणि सलूनवाला केस कापतो."

"म्हणजे फुकट!" थोरली उभी राहिली. "चार महिने! फुकट!"

"वहिनी, आबांचा दगड, त्यावर परदेशी कात्री. वर त्याचे पैसे घेतले असते तर पाप दुप्पट झालं असतं."

आधी आबा हसले. मग स्टुलावरचा थोरला असा हसला की चारही कागद सुटून आबांच्या डोक्यावर आले, आणि ते बाजूला करता करता नातही हसायला लागली. थोरली मात्र हसत नव्हती. ती मनात गणित मांडत होती, आणि ते मांडून होईपर्यंत तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मंगळवारी मी काय सांगू?" आबांनी नातीला विचारलं. कागद त्यांच्या मांडीवर होता.

"तुम्हाला जे माहीत आहे ते."

"ते विचारतील, आयात वाढली की बेकारी वाढते का?"

"मग?"

आबांनी मांडीवरचा कागद गुंडाळला. "देशाचं मला माहीत नाही," ते म्हणाले. हे वाक्य या घरात त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. "माझ्या सात माणसांचं माहीत आहे. तेवढंच सांगेन. शुल्क मागायचं की नाही, ते ठरवायला अजून तीन दिवस आहेत. पण भिंतीला नेणार नाही."

"बरोबर आहे," थोरला म्हणाला, आणि या वेळी त्याला कुणी गप्प केलं नाही.

थोरली पर्स उचलून मागच्या दाराकडे निघाली. "वहिनी," धाकटा मागून म्हणाला, पण ती थांबली नाही.

अंगणात बाकीच्या कामगारांपासून जरा बाजूला धारेच्या खोलीतले सहाही जण जेवायला बसले होते. तिला बघताच ते उठले, खरकटे हात अंगापासून दूर धरून. तिच्या पर्सकडे एकाने बघितलं आणि बाकीच्यांनी बघायचं टाळलं.

"बसा," थोरली म्हणाली. कुणी बसलं नाही. "मला एक सांगा. परदेशी कात्रीला धार लावायला किती वेळ लागतो?"

"आपल्यापेक्षा दुप्पट," सगळ्यात तरुण कामगार म्हणाला. "पोलाद मऊ आहे त्यांचं, नीट बघून घासावं लागतं." आणि मग बाकीचे पाच जण आपल्याकडे असे का बघताहेत, हे त्याच्या ध्यानात आलं.

"म्हणजे सगळेच सामील!" थोरली म्हणाली. "आणि भाऊजी म्हणे एकटे."

"आम्ही त्यांना सांगितलं होतं, आमचं नाव घेऊ नका म्हणून," मिस्त्री म्हणाले. "काम कमी होतं, वहिनी. हात रिकामे ठेवून बसवत नाही."

थोरलीने त्यांच्या ताटाकडे बघितलं. मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. सहाही ताटांत जेमतेम दोन घास वाढलेले होते. त्यांच्यापुढची मोठी पातेली तशीच भरलेली होती.

"हे काय? जेवत का नाही तुम्ही?"

मिस्त्रींनी खाली बघितलं. "पाकिटं आज मिळणार असं कळलं होतं. नंतर घशाखाली उतरायचं नाही. ताटात टाकून उठणं बरं दिसत नाही, म्हणून थोडंच घेतलं."

वर्षभर थोरलीने या सहा जणांची संख्या कागदावर कितीदा तरी लिहिली होती. आज त्यांनी उष्टं टाकावं लागू नये म्हणून मोजून घास वाढून घेतले होते, तेही तिच्याच घरच्या जेवणात, तिला वाईट वाटू नये म्हणून. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्या सगळ्यांचा राग आला, आणि रागच तिला सोयीचा होता.

"उद्यापासून फुकट एकही कात्री घासायची नाही," ती जोरात म्हणाली. "पुढच्या दाराने घ्यायच्या. चिठ्ठी मी लिहीन."

"उद्या रविवार आहे, वहिनी," तरुण कामगार म्हणाला.

"मग सोमवारपासून!"

मिस्त्री एक पाऊल पुढे आले. "म्हणजे सोमवारी यायचं ना आम्ही?"

"यायचं. सहाही जणांनी. सहा महिने बघू."

"आणि सहा महिन्यांनंतर?"

परदेशी कात्र्या आणखी स्वस्त होत जातील, शिंपी धारेला आणण्यापेक्षा नवीनच घेतील, काहीही होईल. थोरलीला हजार उत्तरं येत होती आणि त्यांतलं एकही खरं आहे की नाही, हे तिला कळत नव्हतं. "माहीत नाही, मिस्त्री," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली. ते आपल्या जागी जाऊन बसले, आणि त्यांच्यामागोमाग बाकीचेही बसले. मग मिस्त्रींनी ताट उचललं आणि तिच्यासमोर धरलं.

"वाढा मग," ते म्हणाले. "भूक लागलीय."